झाडतोडीचा व्यवसाय : अवजारे, हिशेब आणि परवाने

वैशाख सरत आला की नाशिक जिल्ह्यात वळवाच्या पावसाची चाहूल लागते आणि त्याबरोबर पंचायत समित्या, नगरपालिका, शाळा व वीज कंपनीची कार्यालये यांच्याकडे एकाच स्वरूपाचे अर्ज येऊ लागतात. शाळेच्या कौलांवर वाळलेली फांदी लोंबत आहे, रस्त्याच्या कडेचे गुलमोहराचे झाड कलले आहे, वीजवाहिनीत सुबाभळीचा शेंडा शिरला आहे, विहिरीच्या काठावरील पिंपळाने बांधकाम फोडले आहे. अर्ज बहुधा रास्त असतो. परंतु झाड कोणी उतरवावयाचे, कोणत्या अवजारांनी, किती दराने, आणि त्या कामात एखादा माणूस जायबंदी झाला तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नांचा विचार झाड पडल्यावर किंवा माणूस पडल्यावर होतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

झाड तोडणे हा शब्द उच्चारला की वृक्षप्रेमी मनाला ठेच लागते, आणि ते योग्यच आहे. नाशिक शहराने या विषयावर अनेक वाद पाहिले आहेत. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारण्याच्या निमित्ताने २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तपोवनातील झाडांवरून नागरिकांनी केलेले आंदोलन तर ताजेच आहे. मात्र कोणते झाड तोडावे हा एक प्रश्न आणि तोडावयाचे ठरलेले झाड कसे तोडावे हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर सभा होतात, दुसऱ्यावर होत नाहीत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रश्नाचाच प्रामुख्याने विचार केला आहे. हा व्यवसाय करू इच्छिणारे तरुण, कामगारांची सहकारी संस्था, बचत गट आणि त्यांना काम देणाऱ्या ग्रामपंचायती या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे.

कुऱ्हाड एकाची, हिशेब दुसऱ्याचा

आपल्या भागात या व्यवसायाला जुनी आणि फारशी सुखद नसलेली परंपरा आहे. सुरगाणा, पेठ, हरसूल, इगतपुरी या पट्ट्यातील सागाची व इमारती लाकडाची जंगले ब्रिटिश अमदानीत कुपांमध्ये विभागली गेली. प्रत्येक वर्षाच्या कुपाचा लिलाव होई, ठेकेदार तो घेई, आणि तोडीचे काम कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर मजूर करीत. पावसाळ्यात घरात दाणा नसताना ठेकेदाराचा मुकादम उचल देई आणि दिवाळीनंतर ती अंगमेहनतीने फेडावी लागे. ओंडक्याचे माप ठेकेदाराचा माणूस घेई, वहीही तोच लिही. मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास जो अहवाल सरकारला सादर केला, त्यात कर्ज, वेठ व जंगलातील मजुरी यांची सांगड कशी पडली होती याचे स्पष्ट वर्णन आहे. १९४५ ते १९४७ या काळात ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा जो लढा झाला, त्यात गवतकापणीबरोबरच जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्नही अग्रभागी होता.

या पार्श्वभूमीवर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू झाली. लिलाव न करता कूप थेट मजुरांच्या संस्थेकडे सोपवावयाचा, तोड, छाटणी व वाहतूक संस्थेने करावयाची, आणि मजुरी देऊन उरलेला नफा सभासदांकडे व त्यांच्या कल्याणाच्या कामाकडे वळवावयाचा, अशी ही कल्पना. ठाणे, नाशिक, धुळे या जिल्ह्यांत अशा अनेक संस्था निघाल्या. काहींनी शाळा, वसतिगृहे व धान्यकोठारे उभी केली. काहींचा कारभार मात्र नावाने सहकारी आणि व्यवहाराने पूर्वीच्याच ठेकेदाराच्या हाती राहिला. १९७४ मध्ये राज्याचे वन विकास महामंडळ आले, १९८० मध्ये वन संवर्धन अधिनियम झाला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करू नये असा आदेश दिला. कुपांची संख्या घटली आणि संस्थांचा मूळ व्यवसायच आटला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एवढेच की, जी संस्था अवजारांची मालक होती, माप स्वतः घेत होती आणि वही स्वतः लिहीत होती ती टिकली. जिच्याकडे केवळ कुऱ्हाडी होत्या ती बुडाली. आज काम जंगलातून रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात आणि शेताच्या बांधावर आले आहे, तरी यात बदल झालेला नाही.

परवान्यावाचून कुऱ्हाड नाही

काम स्वीकारण्यापूर्वी झाड कोणाचे आणि कोणत्या हद्दीतील याचा निर्णय व्हावयास हवा. महानगरपालिका व नगरपालिका यांच्या क्षेत्रात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. तेथे वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, जाहीर सूचना द्यावी लागते आणि आलेल्या हरकतींचा विचार होतो. २०२१ साली या कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही संकल्पना आली, तसेच तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. सत्तर वर्षांच्या चिंचेची किंमत आता केवळ लाकडाच्या भावाने करता येत नाही, हे ठेका घेणाऱ्याने व देणाऱ्याने सारखेच ध्यानात ठेवावे.

ग्रामीण भागात महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ पाहावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ व खारफुटी अशा सोळा जाती आहेत. निलगिरी, सुबाभूळ, बाभूळ त्यात नाहीत. शेतकरी पुष्कळदा विचारतात की, “झाड माझ्या बांधावरचे, मग परवानगी कशाला?” बांध त्याचा, झाडही त्याचे, परंतु अनुसूचीतील झाड असेल तर तोडण्याचा अधिकार परवानगीनंतरच वापरता येतो. रस्त्याच्या कडेचे झाड सार्वजनिक बांधकाम विभागाचे की जिल्हा परिषदेचे, याचीही आधी खातरजमा करावी. शेजारच्या शेतकऱ्याने हातात पैसे ठेवले म्हणून ते झाड त्याचे ठरत नाही.

तिसरा कायदा नाशिकसारख्या जिल्ह्यात सर्वांत महत्त्वाचा, आणि माहिती मात्र सर्वांत कमी. अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांची विक्री नियंत्रित करणारा १९६९ चा अधिनियम असे सांगतो की, आदिवासी खातेदाराने आपल्या मालकीची झाडे परस्पर व्यापाऱ्यास विकू नयेत. त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, वन विभागामार्फत तोड व विक्री व्हावी आणि खर्च वजा जाता रक्कम त्याला मिळावी. या वाटेने वेळ लागतो अशी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. तथापि मुलीच्या लग्नाच्या घाईत शंभर वर्षांचा साग चार पोत्यांच्या भावाने गेल्याच्या कथा याच तालुक्यांतून ऐकू येतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण येथे काम करणाऱ्या व्यावसायिकाने अशा झाडाला स्वतः हात लावू नये. ग्रामपंचायत सदस्यांनीही त्या खातेदाराला अर्जाचा नमुना मिळवून द्यावा. तेवढी मदत व्याख्यानापेक्षा अधिक मोलाची आहे.

तोडीनंतर लाकूड हलविण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ खाली राज्याने केलेल्या नियमांत कोणत्या जातींना सूट आहे याची वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी माहिती घ्यावी. गाडी नाक्यावर अडली म्हणजे दिवसभराची मजुरी, भाडे आणि अब्रू तिन्ही जातात.

माप

लाकडाचे माप हा शाळेत शिकविण्याजोगा विषय आहे. माध्यमिक शिक्षकांनी वृत्तचितीच्या घनफळाचा धडा झाला की पटांगणातील एखाद्या ओंडक्यावर तो पडताळून दाखवावा. लाकडाच्या बाजारात घनफळ काढण्याची रूढ रीत चौथाई घेराची आहे. ओंडक्याचा मध्यभागी घेर मोजावयाचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यावयाचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावयाचे. समजा घेर १२० सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर आहे. घेराचा चौथा हिस्सा ०.३० मीटर. त्याचा वर्ग ०.०९, आणि तीनने गुणले की ०.२७ घनमीटर.

आता हाच ओंडका गोल समजून गणिती रीतीने काढला तर घनफळ सुमारे ०.३४४ घनमीटर येते. म्हणजे चौथाई घेराच्या रीतीत जवळजवळ साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबात येत नाही. ही फसवणूक नव्हे. ओंडका चौकोनी कापताना भुसा, साल व कडा वाया जातात, त्याची ही जुनी तजवीज आहे. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा खरेदी एका रीतीने आणि विक्री दुसऱ्या रीतीने केली जाते. करारपत्रात मापाची रीत, घेर सालीसह की सालीविना, आणि ढोलीची वजावट किती, हे तीन शब्द लिहिले की निम्मे तंटे मिटतात.

जळाऊ लाकडाचे वजन करताना ओले की वाळलेले हेही नमूद करावे. ताजे तोडलेले लाकूड वाळताना त्याच्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा, काही जातींत त्याहूनही अधिक, घटतो. अमरधामाला, वीटभट्टीला किंवा गुऱ्हाळाला लाकूड पुरविणाऱ्याने याच एका मुद्द्यावर नफा कमावला किंवा गमावला असे दिसेल.

अवजारांची निवड

पूर्वीच्या मजुराजवळ कुऱ्हाड, कोयता, दोघांनी ओढावयाची करवत, पाचर, घण, पहार आणि दोर एवढी सामग्री असे. यांपैकी एकही वस्तू आज निरुपयोगी झालेली नाही. भर पडली आहे ती पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रकरवतीची. मजूर तिला नुसते ‘कटर’ म्हणतात. दोन माणसांना अर्धा दिवस लागणारे काम ती काही मिनिटांत करते, आणि नेमकी याच कारणाने ती धोक्याची आहे. कुऱ्हाडीने चूक होण्यास वेळ लागतो. कटरला लागत नाही.

नव्या व्यावसायिकाने पहिल्या दिवशी सर्वांत मोठे यंत्र घेऊ नये. एक मध्यम, सुमारे अठरा इंची पात्याचे यंत्र जमिनीवरील कामासाठी आणि एक लहान, हलके यंत्र फांद्यांसाठी, एवढ्यावर दोन हंगाम निघतात. यंत्र विकत घेताना त्याची साखळी, कानशी व सुटे भाग नाशिकमध्ये मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, हे किमतीच्या आधी विचारावे. साखळीला अचूक थांबविणारा गतिरोधक नसलेले स्वस्त यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणार्धात उलट उसळून चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा मानेकडे येते. त्या वेळी हा गतिरोधकच उपयोगी पडतो.

बोथट साखळी हे अपघाताचे दुसरे कारण. धार गेलेल्या यंत्रावर माणूस जोर देऊ लागतो, थकतो, आणि मग हात चुकतो. करवतीतून लाकडाचे चुरे पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून कानस फिरवावी. पेट्रोल व तेल यांचे प्रमाण निर्मात्याने सांगितले तेच ठेवावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात यंत्र पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावे. दुरुस्तीची निम्मी खर्चपत्रे या एका सवयीने वाचतात.

दोराबद्दल विशेष सांगावयास हवे, कारण सर्वांत अधिक काटकसर तेथेच केली जाते. बाजारातील स्वस्त प्लॅस्टिकचा दोर खोडाभोवती घासला की उष्णतेने वितळतो. शंभर किलोची फांदी दोन मीटर खाली येऊन दोरावर अडकली तर दोरावर तिच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. माणूस ज्या दोराला लटकतो तो दोर आणि फांदी ज्या दोराने उतरवावयाची तो दोर, हे दोन वेगळे असावेत, वेगळ्या रंगाचे असावेत आणि एकाचे काम दुसऱ्याने कधीही करू नये. शिरस्त्राण, डोळ्यांचा चष्मा, कानांचे आच्छादन, पायांचे साखळीरोधक कापड, बूट आणि सुरक्षा पट्टा हा खर्च अवजारांच्या यादीत पहिल्या ओळीत लिहावा. तो शेवटच्या ओळीत लिहिला की पैसे संपलेले असतात.

विकत की भाड्याने

व्यवसायात नुकसान बहुधा आळसाने होत नाही. मोठे यंत्र लवकर घेतल्याने होते. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. समजा यंत्रकरवत ४५,००० रुपयांस मिळाली, ती तीन वर्षे टिकली आणि वर्षाकाठी शंभर दिवस चालली. तीनशे दिवसांत किंमत वाटली तर रोजचे १५० रुपये पडतात. हा भार कोणत्याही कामाला सोसण्याजोगा आहे. म्हणून करवत विकत घ्यावी.

आता क्रेन घेऊ. समजा किंमत वीस लाख, आयुष्य दहा वर्षे, कर्जावरील व्याज वर्षाला दोन लाख आणि चालकाचा पगार वर्षाला एक लाख ऐंशी हजार. ती वर्षाला शंभर दिवस चालली तर किमतीचे दोन हजार, व्याजाचे दोन हजार आणि चालकाचे अठराशे मिळून डिझेल धरण्यापूर्वीच रोजचा खर्च ५,८०० रुपये होतो. परंतु झाडतोडीच्या धंद्यात क्रेन लागावी अशी कामे वर्षाला वीसच दिवस निघाली तर तोच खर्च दिवसाला १०,००० अधिक १०,००० अधिक ९,०००, म्हणजे २९,००० रुपयांवर जातो. यंत्र तेच, चालक तोच. फक्त दिवस कमी. औद्योगिक वसाहतींमुळे सातपूर व अंबड भागात क्रेन रोजाने मिळते. ती गरजेच्या दिवशीच आणावी. ट्रॅक्टर-ट्रॉलीचेही तसेच. गावात ती असतेच, आणि मालकाला नांगरणीनंतर काम हवेच असते.

क्रेन मागविताना वजनाचा अंदाज द्यावा लागतो. ताज्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण आठशे ते अकराशे किलो धरावे. वर काढलेला ०.३४४ घनमीटरचा ओंडका म्हणजे पावणेतीनशे ते पावणेचारशे किलो. क्रेनचा दांडा जितका लांब पसरतो तितकी तिची उचलण्याची शक्ती घटते, ही गोष्ट चालकाला ठाऊक असते. काम देणाऱ्याला मात्र ती ठाऊक नसते आणि तो चालकावर घाई करतो.

झाड पाडण्याची रीत

उघड्या शेतात झाड एकसंध पाडता येते. आधी झाड कोणीकडे झुकले आहे, शेंडा कोणत्या बाजूस जड आहे, वारा कसा आहे, बुंध्यात ढोली आहे काय आणि वर आग्या मोहोळ आहे काय हे पाहावे. मोहोळ असेल तर त्या दिवशी काम बंद. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणीही उभे राहू नये. तोडणाऱ्याने स्वतःसाठी मागील बाजूस तिरक्या दिशेने पळवाट साफ करून ठेवावी.

ज्या दिशेला पाडावयाचे त्या बाजूस खोडाच्या जाडीच्या सुमारे चौथाई खोलीची खाच घ्यावी. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, कापत यावे. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी राखावी. दाराला बिजागरी असते तशी ही पट्टी झाडाला धरून ठेवते व दिशा देते. साठ सेंटिमीटर जाडीच्या खोडात खाच पंधरा, बिजागरी सहा, आणि मागील काप एकोणचाळीस सेंटिमीटर. मागील कापात वेळेवर पाचर ठोकली की करवत अडकत नाही आणि झाड मागे बसत नाही. बिजागरी पूर्ण कापून टाकणे ही अननुभवी माणसाची हमखास चूक. तसे झाले की झाड कोणाचेच ऐकत नाही.

गावठाणात व शहरात अशी मोकळी जागा नसते. तेथे शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी झाड उतरवावे लागते. दर अशा कामाचा वेगळा, माणसे वेगळी आणि वेळ तिप्पट धरावी. वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणच्या कार्यालयाकडून वीजपुरवठा बंद केल्याची लेखी नोंद हाती आल्याशिवाय कोणालाही वर चढवू नये. “साहेबांनी फोनवर सांगितले आहे” हा परवाना नव्हे. ओली फांदी आणि ओला दोर दोन्ही वीज वाहून नेतात.

पावसाळ्यात वड, चिंच, विलायती शिरीष अशा झाडांवर बगळे व ढोकरी यांची वीण असते. अंडी-पिले असलेली फांदी तोडणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कचाट्यात येऊ शकते. धोका तातडीचा नसेल तर दोन महिने थांबावे.

माणसे आणि हंगाम

या व्यवसायातील सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे उंचावर चढून शांतपणे काम करणारा माणूस. पेठ, सुरगाणा भागातून जे मजूर दिंडोरी व निफाडकडे येतात ते द्राक्षबागांच्या वेळापत्रकाने बांधलेले असतात. एप्रिलमधील खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमधील काढणी या काळात ते दुसऱ्या कामाला मिळत नाहीत. पावसाळापूर्व झाडछाटणीची मागणी नेमकी एप्रिल-मेमध्ये येते. म्हणून चार माणसांची तुकडी वर्षभर टिकवावयाची तर तिला पडत्या काळातही काम द्यावे लागते. बागेभोवतीचे सुरू व निलगिरीचे वारारोधक पट्टे उतरविणे, जुनी बाग काढणे, पडलेल्या ओंडक्यांची चिरफाड, रोपवाटिकेतील खड्डे ही अशी कामे आहेत. ज्याने मे महिन्यातच माणसे शोधली त्याला मिळतात ती इतरांनी नाकारलेली.

मजुरी रोजाने द्यावी की झाडामागे? झाडामागे दिली तर काम झपाट्याने होते आणि वेग वाढतो तसा अपघातही वाढतो. उंचावरील कामाला रोजाची मजुरी आणि जमिनीवरील तुकडे करण्याला माप, ही विभागणी अधिक सोयीची वाटते. उचल दिली तर ती वहीत, मजुराच्या सहीनिशी, आणि तिची परतफेड किती हप्त्यांत हेही लिहून. जुन्या कुपांतील उचलीची कथा वर आलीच आहे.

अपघाताच्या भरपाईचे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले असून ते सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतले आहे. कामावर असताना झालेल्या इजेची वा मृत्यूची भरपाई नियोक्त्याने द्यावयाची असते आणि ठेकेदारामार्फत काम करविणाऱ्या मुख्य नियोक्त्यावरही तो भार येऊ शकतो. ग्रामपंचायतीने ठरावात ‘सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ असे वाक्य लिहिले म्हणजे आपण मोकळे झालो असे समजू नये. ज्या ठेकेदाराजवळ कामगारांचा विमा नाही त्याचा दर स्वस्त दिसतो, कारण त्याने एका घराचा कर्ता पुरुष हिशेबातून वगळलेला असतो.

दर ठरविताना

पंचायतींची एक जुनी सवय अशी की, लाकूड ठेकेदाराला आणि त्याबदल्यात तोड फुकट. वरवर व्यवहार सोपा दिसतो. परंतु अशा करारात ठेकेदाराला धोकादायक, पोकळ झाड नको असते आणि निरोगी, जाड बुंध्याचे झाड हवे असते. परिणामी जे पडावयास हवे ते उभे राहते आणि जे उभे राहावयास हवे ते पडते. म्हणून तोडीचा मोबदला वेगळा आणि लाकडाची विक्री वेगळी ठेवावी. दोन निविदा, दोन नोंदी, आणि शक्य तर दोन वेगळे खरेदीदार. लाकडाचा लिलाव पंचायतीच्या आवारात, माप सर्वांसमक्ष घेऊन करावा.

व्यावसायिकाने दर देण्यापूर्वी जागा प्रत्यक्ष पाहावी. छायाचित्रावरून दिलेला दर म्हणजे जुगार होय. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजावा, आणि त्याबरोबर घरांचे अंतर, तारा, गाडीची वाट व पालापाचोळा टाकण्याची जागा यांची टाचणवही ठेवावी. पाला व फांद्या उचलण्याचा खर्च बहुतेक नवखे विसरतात, आणि कधी कधी तोडीपेक्षा तोच अधिक असतो. बुडखा काढावयाचा की जमिनीलगत ठेवावयाचा हेही आधीच विचारावे. बुडखा काढणे म्हणजे जेसीबीचे एक निराळे काम आहे, आणि त्याखाली पाण्याची नळवाहिनी असल्यास ती कोणी दाखवून द्यावयाची, याची नोंद कामाच्या आदेशातच असावी.